विकास-अर्थशास्त्रातली पहिली नोकरी: नेटपासून रुजू होईपर्यंत

ऑगस्ट २०२५ मध्ये मी एका संशोधन संस्थेत रिसर्च असोसिएट म्हणून रुजू झाले. जुलै २०२४ मध्ये पहिल्यांदा अशी जाहिरात वाचली तेव्हापासून रुजू होईपर्यंत वर्षाहून जास्त काळ गेला. या काळात मराठीत शोधून शोधून मला यावर काहीच सापडलं नाही. जे होतं ते दिल्ली-मुंबईच्या मोठ्या संस्थांमधून बाहेर पडलेल्यांनी इंग्रजीत लिहिलेलं. पुण्यात एम.ए. अर्थशास्त्र करून 'आता नेट, सेट नाहीतर एमपीएससी', म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा नाहीतर सरकारी नोकरीची स्पर्धा परीक्षा, एवढंच ज्यांच्यापुढे ठेवलं जातं, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी हे काम काय असतं ते सांगते, कारण माझ्या घरी अजूनही ते नीट कळलेलं नाही. एखादी योजना गरिबांपर्यंत पोचते का, शाळेत जादा शिक्षक दिला तर मुलं शिकतात का, अशा प्रश्नांवर प्राध्यापक मंडळी अभ्यास आखतात. पण गावात जाऊन प्रश्नावली तपासणं, सर्वेक्षकांना प्रशिक्षण देणं, आलेली माहिती रोज तपासणं, ती साफ करणं आणि तिचं विश्लेषण करणं हे काम रिसर्च असोसिएट करतात. साधारण एक-दोन वर्षांचं कंत्राट असतं. त्यानंतर कुणी पीएच.डी.ला जातं, कुणी सरकारी किंवा स्वयंसेवी संस्थांच्या मूल्यमापन विभागात.

मी २०२२ मध्ये एम.ए. झाले आणि सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, दोन कॉलेजांत शिकवू लागले. शिकवायला मला मनापासून आवडतं. पण मानधन सत्र संपल्यावर एकदम यायचं आणि सुट्टीच्या महिन्यांत काहीच नाही. जून २०२४ ची नेट १८ तारखेला दिली, १९ला ती रद्द झाल्याची बातमी आली. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा परीक्षा झाली, ऑक्टोबरमध्ये निकाल लागला. मी सहायक प्राध्यापक पदासाठी पात्र ठरले, पण जेआरएफ हुकली. महिना ३७,००० रुपयांची ती फेलोशिप मिळाली असती, तर मी सरळ पीएच.डी.ला गेले असते आणि हा रस्ता कदाचित कधीच पाहिला नसता.

नेट रद्द झाल्यानंतरच्या त्या रिकाम्या जुलैमध्ये एका वर्गमैत्रिणीने जाहिरात पाठवली. त्यात लिहिलं होतं: स्टाटा किंवा आर या सॉफ्टवेअरवर काम करता यावं, ग्रामीण भागात फिरायची तयारी हवी, मराठी उत्तम यायला हवी. शेवटची अट मी पुन्हा पुन्हा वाचली. अर्थशास्त्राच्या नोकरीत मराठी हे कौशल्य म्हणून मागितलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. स्टाटा आणि आर मात्र मला येत नव्हतं. एम.ए.ला अर्थमिती, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याचं शास्त्र, शिकलो ती कागदावर. सूत्र सिद्ध करता यायचं, पण एक लाख ओळींची फाइल उघडून द्या म्हटलं तर जमलं नसतं.

म्हणून तेव्हा अर्ज केला नाही, शिकायला बसले. अमेरिकेतल्या एमआयटीचा मायक्रोमास्टर्स नावाचा ऑनलाइन कार्यक्रम २०१७ पासून आहे. त्यात डेटा, अर्थशास्त्र आणि विकास धोरण यांचे विषय आहेत आणि व्हिडिओ फुकट पाहता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तरच फी भरून परीक्षा द्यायची, आणि ती फी तुमच्या उत्पन्नानुसार ठरते. सीएचबीच्या उत्पन्नावर मी सर्वांत खालच्या गटात बसले. मी दोनच विषयांची प्रमाणपत्रं घेतली, बाकीचे नुसते ऐकले. जागतिक दारिद्र्याचा विषय अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो स्वतः शिकवतात. २०१९ चं नोबेल मिळालेली माणसं माझ्या नवी पेठेतल्या अभ्यासिकेच्या टेबलावर, कानातल्या इअरफोनमधून बोलत होती, याचा मला खरोखर आनंद व्हायचा. अभ्यासिकेचे महिन्याला १,३०० रुपये पडायचे. घरी दोन खोल्यांत पाच माणसं असल्यामुळे ते मी कधी वाचवले नाहीत.

तिथेच बालसखी प्रयोग वाचला. मुंबई आणि वडोदरा इथल्या पालिका शाळांमध्ये 'प्रथम' संस्थेने वस्तीतल्याच तरुणींना, म्हणजे बालसखींना, मागे पडलेल्या मुलांना शिकवायला लावलं. कोणत्या शाळेत तिसरीला बालसखी द्यायची आणि कुठे चौथीला, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे दोन्हींची प्रामाणिक तुलना करता येईल. मुलांचे गुण पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाने (मुलांचे गुण एकमेकांपासून किती पसरलेले असतात त्याच्या मापाने) वाढले. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने तो फायदा ०.१० च्या आसपास उतरला. माझी आई पालिकेच्याच शाळेत शिकली आहे. ज्या वर्गांबद्दल घरी गप्पांमध्ये ऐकलं, तसेच वर्ग जगातल्या नावाजलेल्या नियतकालिकात २००७ मध्ये छापून आलेल्या शोधनिबंधात होते. आपल्याला काय करायचं आहे हे त्या दिवशी मला पक्कं कळलं.

नुसते व्हिडिओ पाहून मात्र हात बसत नाही. ऑक्टोबरमध्ये मी पीएलएफएसची, म्हणजे नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाची, कच्ची माहिती उतरवून घेतली. सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर नोंदणी केली की ती मोफत मिळते. कुणी काही शिकायचं ठरवलं असेल तर सुरुवात इथून करा असं मी आग्रहाने सांगेन. फाइल उघडली की नुसते आकडे एकापुढे एक चिकटलेले दिसतात. कोणत्या स्थानापासून कोणत्या स्थानापर्यंत वय, कुठे शिक्षण, कुठे कामाचा प्रकार हे वेगळ्या एक्सेल फाइलमध्ये दिलेलं असतं. ते जुळवायचं. मग मल्टिप्लायर लावायचे, कारण नमुन्यातली एक व्यक्ती हजारो लोकांचं प्रतिनिधित्व करते. त्या वर्षीच्या फाइलीत एनएसएस आणि एनएससी नावाचे नमुन्याचे दोन रकाने सारखे असतील तर मल्टिप्लायरला १०० ने भागायचं, नसतील तर २०० ने, आणि वर्षाचा आकडा काढताना तिमाहींच्या संख्येनेही. हे सगळं नीट झालं का, याची परीक्षा सोपी आहे: तुमचा आकडा अहवालातल्या आकड्याशी जुळला पाहिजे. जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षी पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमबल सहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांचं प्रमाण, ४१.७ टक्के होता, २०१७-१८ मध्ये तो २३.३ टक्के होता. माझ्या पडद्यावर ४१.७ आलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि अभ्यासिकेचे दादा दिवे घालवायला आले होते. ही एवढी वाढ कशामुळे, घरच्या शेतीत बिनपगारी राबणाऱ्या बायकांची नोंद किती, यावर मी एक चार पानी टिपण लिहिलं. पुढे प्रत्येक अर्जासोबत कोडसह तेच नमुना म्हणून जोडलं. मुलाखतीत सर्वांत जास्त प्रश्न त्यावरच आले.

आर फुकट आहे. स्टाटाचा परवाना महाग आहे, आणि माझ्यासाठी तो विकत घेणं शक्य नव्हतं. मला आलेल्या चाचण्यांमध्ये दोन्हींपैकी काहीही चालत होतं, त्यामुळे स्टाटा नाही म्हणून कुणी थांबू नये. खर्च झाला तो लॅपटॉपची मेमरी वाढवायला, ३,२०० रुपये.

नोव्हेंबरपासून अर्ज सुरू केले. पुढच्या उन्हाळ्यात सुरू होणाऱ्या बऱ्याच जागांच्या जाहिराती सप्टेंबर ते डिसेंबर या काळात येतात, म्हणून तयारी दिवाळीआधी झालेली बरी. लागणारी कागदपत्रं अशी: दोन पानांचा बायोडाटा, अर्जपत्र, ट्रान्सक्रिप्ट, दोन शिफारसपत्रं. ट्रान्सक्रिप्ट म्हणजे गुणपत्रिकांच्या झेरॉक्स नव्हेत, विद्यापीठाने शिक्का मारून दिलेला सगळ्या सत्रांचा एकत्रित उतारा. ऑनलाइन अर्ज, गुणपत्रिकांचे स्कॅन, फी आणि मग वाट पाहणं, यात तीनेक आठवडे गेले. नाव सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिकांवर एकाच पद्धतीने आहे का ते आधी बघा. माझ्या एका मैत्रिणीचं आडनाव लग्नानंतर बदललं होतं, तिला राजपत्राची प्रतही जोडावी लागली.

शिफारसपत्रासाठी मी माझ्या एम.ए.च्या मार्गदर्शक मॅडमकडे महिनाभर आधी गेले. सोबत प्रबंधाची प्रत, ते श्रमबलावरचं टिपण आणि अंतिम तारखांची यादी नेली. मॅडम म्हणाल्या, "बरं झालं टिपण आणलंस. नुसतं 'हुशार आणि मेहनती' लिहिलेली पत्रं कुणी वाचत नाही गं." त्यांनी ते टिपण माझ्यासमोर बसून वाचलं, दोन ठिकाणी प्रश्नचिन्हं काढली आणि दुरुस्त करून आणायला लावलं. त्या दुपारी त्यांच्या केबिनमध्ये मला जे शिकायला मिळालं त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

डिसेंबरात एका संस्थेकडून डेटा टास्क, म्हणजे घरी सोडवायची विश्लेषणाची चाचणी, आली, जानेवारीत पहिली मुलाखत झाली, दुसरीची तारीखही ठरली. २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी थांबवल्याची बातमी आली. पुण्यात बसून तिचा माझ्याशी काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं. फेब्रुवारीत ईमेल आला: प्रकल्पाचा निधी अनिश्चित झाल्यामुळे भरती स्थगित करत आहोत. पुढे १ जुलैला यूएसएड ही अमेरिकी सरकारची परदेशी मदत देणारी संस्थाच बंद झाली. या क्षेत्रातला पैसा कुठून येतो, हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं. आता मी मुलाखतीच्या शेवटी विचारते, "प्रकल्पाचा निधी कुणाचा आणि किती काळासाठी मंजूर आहे?" हा प्रश्न विचारल्याने कुणी नाराज झालेलं मी पाहिलं नाही, उलट सरळ उत्तरं मिळतात.

तो फेब्रुवारी आणि मार्च अवघड गेले. बऱ्याच अर्जांना उत्तरच येत नव्हतं. नकार आला असता तरी चाललं असतं, असं वाटायचं. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री फेलोशिपचा विचार केला, पण तिथे वयाची अट २६ वर्षांपर्यंत आणि मी सत्तावीस पूर्ण. बाबा एकदाही काही बोलले नाहीत, पण रोज सकाळी पेपरातल्या नोकरीच्या जाहिरातींवर पेनाने खुणा करून तो माझ्या डब्याशेजारी ठेवायचे. मी सीएचबीचे तास चालूच ठेवले होते आणि ते ठेवले म्हणूनच तग धरता आला. हातातलं काम सोडून पूर्ण वेळ अर्ज करत बसावं असं मी कुणालाही सुचवणार नाही.

एप्रिलमध्ये दुसऱ्या संस्थेची टास्क आली आणि ती जरा तपशिलात सांगते, कारण खरी निवड इथेच होते. ७२ तासांची मुदत. दोन फाइली: एक कार्यक्रमाआधीच्या पाहणीची, एक नंतरच्या. दोन्ही जोडायच्या, साफ करायच्या, कार्यक्रमाचा परिणाम काढायचा आणि दोन पानांत लिहायचं. पहिला सापळा उत्पन्नाच्या रकान्यात होता. 'माहीत नाही' साठी -९९९ आणि 'सांगायचं नाही' साठी -८८८ असे सांकेतिक आकडे असतात. ते काढले नाहीत तर सरासरी उत्पन्नच चुकतं. दुसरा सापळा गावांच्या नावांचा. एका फाइलीत गावापुढे 'बीके', दुसरीत 'बुद्रुक', तिसऱ्या कुठल्या तरी ओळीत नुसतं 'बु.'. त्याच तालुक्यात त्याच नावाचं खुर्दही होतं आणि काही ओळींत बुद्रुक-खुर्द काहीच लिहिलेलं नव्हतं. सॉफ्टवेअरला 'जवळपास सारखी नावं जोड' असं सांगितलं की ते बुद्रुकची घरं बिनदिक्कत खुर्दला जोडून मोकळं होतं. आणि दोनपैकी एकाच गावात कार्यक्रम झाला असेल, तर सगळा हिशेबच उलटा. मी नावं सोडून जनगणनेच्या सहा आकडी गावसंकेतांवरून जोडणी केली. ज्या घरांचा संकेत रिकामा होता, ती वेगळी काढून टिपणात किती आणि का ते लिहिलं. निवड समितीने नंतर सांगितलं की अंदाजाने जोडून टाकणारे बरेच असतात, 'ही घरं मी जोडलेली नाहीत' असं लिहिणारे थोडे.

आणखी एक गोष्ट. कार्यक्रम कुठे राबवायचा हे गावागावाने ठरलं असेल, तर प्रमाण त्रुटीही (आपला अंदाज किती चुकू शकतो याचं माप) गावाच्या पातळीवर गट करून काढायच्या. एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात, पाऊस सारखा, बाजार सारखा. शंभर घरं म्हणजे शंभर सुटे पुरावे नव्हेत. एवढं एक वाक्य टिपणात असलं तरी वाचणाऱ्याला कळतं की तुम्हाला आराखडा समजला आहे.

मे महिन्यात व्हिडिओवर मुलाखत झाली. दोघे जण होते, तासभर बोलले. सर्वेक्षक घरी न जाता फॉर्म भरत असेल तर कसं ओळखाल? मी म्हटलं, प्रत्येक मुलाखतीला लागलेला वेळ आणि जागेची नोंद बघेन, काही घरांना दुसऱ्या माणसाला पाठवून तेच मोजके प्रश्न पुन्हा विचारायला लावेन. दारिद्र्य मोजायचं कसं, या प्रश्नावर मी आमच्या पुण्यापासूनच सुरुवात केली. १९७१ मध्ये गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी रोज २,२५० कॅलरी मिळण्याइतका खर्च हा आधार धरून दारिद्र्यरेषा काढली होती. त्यावर मुलाखत घेणाऱ्यांनी लगेच विचारलं की २०२२-२३ च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीची २०११-१२ शी थेट तुलना करता येईल का. ते मी वाचलेलं होतं: नव्या पाहणीत प्रश्नावली तीन भागांत विभागली आणि एका घरी वेगवेगळ्या महिन्यांत तीन भेटी दिल्या. त्यामुळे बदललेल्या आकड्यांत काही वाटा मोजण्याच्या पद्धतीचाही असू शकतो. गाडगीळ, दांडेकर, रथ ही नावं आपण रस्त्यावरून जाता-येता ऐकतो. त्यांचं काम वाचून ठेवा. घराघरात जाऊन माहिती गोळा करण्याची परंपरा या शहरात जुनी आहे, धनंजयराव गाडगीळांनी केलेलं पुणे शहराचं सर्वेक्षण १९४५ आणि १९५२ मध्ये दोन भागांत छापलं गेलं.

जूनमध्ये शेवटचा टप्पा, एक दिवस प्रत्यक्ष गावात. शिवाजीनगरहून लोकलने कामशेत, तिथून जीपने पवन मावळातलं एक गाव. प्रश्नावली टॅबलेटवर होती आणि निरीक्षक शेजारी बसून काही न बोलता बघत होत्या. भाताच्या उत्पन्नाचा प्रश्न आला. मावशी म्हणाल्या, "गेल्या साली बारा पोती झाली." टॅबलेटला किलो हवे होते. मी विचारलं, "मावशी, पोतं कुठलं? दाखवता का?" त्यांनी माळ्यावरून युरियाचं रिकामं पोतं काढलं. त्यावर ४५ किलो छापलेलं असतं, पण ते युरियाचं वजन. भात फुगीर, तेवढ्याच पोत्यात कमी वजनाचा मावतो. शेजारच्या घरी काटा होता. उरलेल्या भाताचं एक पोतं आम्ही उचलून त्यावर ठेवलं आणि जे भरलं ते लिहिलं. मावशी हसून म्हणाल्या, "एवढी वर्षं विकतोय, कुणी घरी येऊन तोलला नव्हता." सगळं आटपायला वेळ जास्त लागला, एक घर कमी झालं. तरी निरीक्षकांनी परतीच्या जीपमध्ये सांगितलं की असंच हवं.

जमिनीच्या प्रश्नालाही तेच. लोक गुंठ्यांत सांगतात, फॉर्म एकरात असतो. चाळीस गुंठ्यांचा एकर हे आपल्याला पाठ आहे, पण बाहेरून आलेल्या सहकाऱ्याला नसतं. बायोडाटात 'ग्रामीण महाराष्ट्राची ओळख' असं मोघम लिहिण्याऐवजी आजोळी शेती आहे, पीकपाणी कळतं, सातबारा वाचता येतो, असं स्पष्ट लिहा. मी दुसऱ्या खेपेला तसं लिहिलं होतं आणि त्यावर मुलाखतीत विचारणा झाली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ऑफर आली. एक वर्षाचं कंत्राट, महिना ४२,००० एकत्रित मानधन, फील्डवरचा प्रवास आणि राहणं वेगळं. पत्र आल्यावर आईने आधी विचारलं, "पक्की आहे का नोकरी?" मी नाही म्हणाले, वर्षाची आहे. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "सीएचबीपेक्षा बारा महिने तरी पगार येईल."

रुजू होताना मूळ गुणपत्रिका, पॅन, आधार, रद्द केलेला चेक आणि आधीच्या कॉलेजांचं अनुभव प्रमाणपत्र लागलं. सीएचबीचं अनुभव प्रमाणपत्र सत्र चालू असतानाच मागून घ्या. सुट्टीत सही करणारं कुणी भेटत नाही. पहिल्या आठवड्यात कुणालाही गावात पाठवत नाहीत. आधी माणसांवरच्या संशोधनाच्या नीतिनियमांचं प्रशिक्षण आणि त्याची परीक्षा असते: संमती कशी घ्यायची, कुणाला नको असेल तर मध्येच थांबायचा हक्क कसा सांगायचा, नाव-गाव बाकीच्या माहितीपासून वेगळं कसं ठेवायचं. ती पास झाल्यावरच माझ्या नावाने सर्वेक्षणाचं लॉगिन मिळालं. आमच्या प्रकल्पाची पहिली पाहणी दिवाळीनंतर होती. त्याआधीचे दोन महिने मी त्याच प्रश्नावलीत 'पोतं' या पर्यायासमोर वजनाचा आणखी एक रकाना घालणं आणि सर्वेक्षकांसाठी हातकाट्यांची खरेदी मंजूर करून घेणं, यात घालवले.